शहात्तर ठोके

पमे, जरा जवळ ये. पुण्याहून नाही येता येत तर निदान या कागदापाशी तरी ये, आणि मनगटावरचं ते काळं चौकोनी आधी काढून ठेव. काल फोनवर तुला विचारलं जेवलीस का, तर म्हणालीस, "आत्या, थांब, आत्ता एकशे चार दाखवतंय." भूक दाखवतं का गं ते? बँकेत भल्याभल्यांना टेबलापुढं उभं करणारी बाई तू, आणि एका टीचभर काचेपुढं चार महिने हात जोडून बसलीस. डॉक्टरांनी छातीतली झडप बदलली, अक्कल तर जुनीच ठेवली होती ना?

रागावू नकोस. किंवा रागाव की. रागानं ठोके वाढतील, तेही दाखवील ते.

आज सकाळी दाराशी हुरडेवाली आली. टोपलीवर ओलं फडकं, फडक्याखाली कोवळी हिरवी कणसं. दरवर्षी येते, दरवर्षी मी शेरभर घेते आणि दरवर्षी पहिला घास तोंडात जायच्या आधी माझ्या जिभेवर कडू पाणी येतं. लोकांना हुरड्याच्या वासानं माहेर आठवतं, शेकोटी आठवते, शेंगाची चटणी आठवते. मला आठवते ती माझी मूठ आणि मुठीत धरलेली दीड गोळी.

पन्नास वर्षं होत आली. दुष्काळ नुकताच सरला होता. खडी फोडून फोडून माणसांचे हात दगडाच्या रंगाचे झाले होते, सुकडी खाऊन पोरांची तोंडं विटली होती. मग एकदाचं पाऊसपाणी झालं आणि त्या हिवाळ्यात ज्वारी अशी उभी राहिली की शेतात शिरलेलं माणूस दिसेना. सगळा जिल्हा हुरड्याला निघालेला. आणि मी अठ्ठावीस वर्षांची, सोलापुरात साखर पेठेतल्या दोन खोल्यांत, भिंतीला लावलेल्या खाटेवर, डाव्या काखेखालून पाठीपर्यंत टाके घेऊन पडलेली.

लहानपणी माहेरी, मैंदर्गीत, ताप आला होता, सांधे धरले होते. अव्वानं, आमच्या आईनं, निर्गुडीचा पाला बांधला, ताप गेला, सांधे सुटले. पण जाताना तो ताप हृदयाच्या झडपेला चावून गेला, हे कळायला वीस वर्षं लागली. लग्न झालं, सोलापुरात आले, आणि एक दिवस पाण्याची घागर घेऊन तीन पायऱ्या चढताना जीव असा कोंडला की घागरीसकट खाली बसले. मग डॉक्टर, मग मुंबई.

मुंबईच्या त्या मोठ्या दवाखान्यात माझ्या हृदयात एका माणसानं बोट घातलं. हसू नकोस, तेव्हा तसंच करत. तुझ्यासारखी नवी झडप नव्हती बसवत. छाती बाजूनं उघडायची, हृदयाला भोक पाडायचं, बोट आत सरकवायचं आणि चिकटलेली झडप मोकळी करायची, गंजलेली कडी सोडवावी तशी. तेव्हापासून ते हृदय या शब्दाचं कौतुक माझ्यापुढं कुणी करू नये. गाण्यात ते तुटतं काय, कुणाला देतात काय, कुणी त्याच्यात घर करून राहतं काय! आमच्या हृदयात राहून आलेला एकच माणूस, तो हातमोजे घालून गेला आणि दोन-चार मिनिटांत बाहेर आला. मुठीएवढं मांस ते. गिरणीच्या पट्ट्याला जेवढा भाव द्यावा तेवढा द्यावा, जास्त नाही.

आता आमच्या नणंदबाईंचं सांगते, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढं सरकत नाही. यांची थोरली बहीण, दुधनीला दिलेली. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो. घरी जमीन, बैलबारदाना, आणि तोंडात सगळ्या जगाची उत्तरं. मी मुंबईहून आले तशी आक्का बाडबिस्तारा घेऊन माझ्या सेवेला हजर झाल्या. सेवा म्हणजे काय, तर माझ्या उशाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी छाती कशी फाडली ते सांगायचं. त्या मुंबईला आल्या नव्हत्या, पण सांगायच्या अशा की जणू बोट त्यांचंच होतं.

तुला माहीत आहे, आपल्या लिंगायतांत इष्टलिंग गळ्यातून काढत नाहीत. शिवदारा, लिंगाचा तो दोरा, जन्माचा. छाती उघडायची म्हणून दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला विचारून, माझ्याच हातानं सोडवून, ते माझ्या उजव्या दंडाला बांधलं. शुद्धीवर आले तेव्हा दंडालाच होतं, आणि चार दिवसांनी मी परत गळ्यात घातलं. एवढंच. पण माझे ठोके चुकतात हे आक्कांना कळलं तसं त्यांनी निकाल देऊन टाकला, "छातीवरनं लिंग हललं, मग छाती बिथरंल न्हाय तर काय हुईल?" माझ्या सांध्यांच्या तापाला, वीस वर्षांच्या झडपेला, कशालाच मान नाही. चार दिवस दंडाला बांधलेल्या देवाला एवढा राग येत असता, तर तो देव कसला, आमच्या आक्काच की.

बघायला येणाऱ्या बायकांचं तर काय सांगू. हातात दोन मोसंबी, डोळ्यांत अख्खा नाटकाचा पडदा. एक यायची ती माझ्याकडं न बघता खाटेखाली बघायची, तिथं काय ठेवलंय देव जाणे. एकीनं टाका दाखव म्हणून हट्ट धरला, दाखवला, तर म्हणाली, "अगं बाई, माज्या जावंचा पोटाचा ह्याच्यापेक्षा मोटा हाय." जणू मी पैजेला उतरले होते. एक चक्क छातीला कान लावून बसली आणि मान हलवून उठली, घड्याळजी उठतो तशी. मी डोळे मिटून पडायचे. आजारी माणसाला एक सोय असते पमे, डोळे मिटता येतात. तुला येत नाहीत, कारण तुझी काच मिटत नाही.

आणि ते ठोके! तू मला सांगतेस, "आत्या, आज तीनदा चुकला." तीनदा! माझा सरळ पडला तर तो दिवस वेगळा म्हणायचा. आपल्या स्टेशनावरचे टांगे आठव. एक नाल निघालेला घोडा कसा चालतो, टप टप, मग खड्डा, मग घाईघाईनं टपटपटप, मग पुन्हा खड्डा. तसा घोडा माझ्या बरगडीखाली रात्रंदिवस. खड्डा आला की वाटायचं, संपलं. मग एक धाडकन ठोका यायचा, मेलेल्यानं दारावर लाथ मारावी तसा. पहिले पंधरा दिवस मी भ्यायले. सोळाव्या दिवशी मला त्याची किळस आली. आपलंच मांस, आपल्याच अन्नावर पोसलेलं, आणि वागणं असं की जणू दारूडा भाडेकरू.

सोलापूरचे आमचे डॉक्टर थोडकं बोलायचे. दिवाळीनंतर दाखवायला गेले तर नाडी एकशे दहाच्या वर, आणि वेडीवाकडी. त्यांनी चिमणीच्या डोळ्याएवढी ती पांढरी गोळी एकाची दीड केली आणि मला समोर बसवून एक नियम पाठ करायला लावला. रोज सकाळी गोळीच्या आधी पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची, वहीत लिहायची. साठाच्या वर असेल तर गोळी घ्यायची. साठाच्या खाली आली तर गोळीला शिवायचं नाही, तडक माझ्याकडं यायचं. "ही गोळी हृदयाला लगाम घालते बाई," ते म्हणाले, "जास्त ओढला की घोडा उभाच राहतो." आता संक्रांत झाली की या, म्हणाले.

मी तिसरीपर्यंत शिकलेली, तीही कन्नड शाळेत. मराठी अक्षरं मी किराण्याच्या पुड्यांवरून आणि दुकानांच्या पाट्यांवरून ओळखायला शिकले. तारीख घालून काही लिहायचं, हे आयुष्यात पहिल्यांदा त्या वहीनं करायला लावलं. यांचं घड्याळ, सेकंदाचा काटा असलेलं, रोज सकाळी दुकानाला जायच्या आधी हे माझ्या उशाशी ठेवायचे आणि दारात जाऊन उभे राहायचे. आत यायचे नाहीत. थोरली बहीण बसलेली, बायकोच्या खाटेपाशी बसायचं कसं? दारातूनच विचारायचे, "कसं काय?" मी म्हणायचे, "बरं हाय." असा आमचा संसार. आकड्याच्या पुढं जागा उरायची म्हणून मी एकेक ओळ लिहायला लागले. आज शेवग्याला फुलं आली. आज आक्का पाच वेळा रडल्या, चहा सहा वेळा प्याल्या. आज मी जे काही लिहिते त्याचं मूळ त्या वहीत आहे.

पहिले पाच-सहा दिवस आकडे जुळेनात. बोटाखाली नाडी यायची, निसटायची, काही ठोके मनगटापर्यंत पोचायचेच नाहीत. एकदा एकोणनव्वद, लगेच परत मोजली तर एकशे तीन. मी रडकुंडीला आले. डॉक्टर वही बघतील आणि म्हणतील, बाईला मोजता येत नाही. मला मरायची भीती होतीच, पण अडाणी म्हणवून घ्यायची त्याहून जास्त होती. आणि मग एक सकाळ आली, मी भिंतीला पाठ लावून बसले, दोन बोटं मनगटावर ठेवली, डोळा काट्यावर, आणि ठोके सुतासारखे सरळ यायला लागले. ठक, ठक, ठक. एकही खड्डा नाही. एक मिनिट झालं. शहात्तर.

दुसऱ्या दिवशी शहात्तर. तिसऱ्या दिवशी पंचाहत्तर, चौथ्याला परत शहात्तर. मी वहीत आकडा मोठा काढायला लागले.

घरात जणू पोरगं पास झालं. आक्कांनी सगळं श्रेय घेतलं, लिंग जाग्यावर आलं, सिद्धेश्वराला बोललेला नवस लागू पडला, वगैरे. मोसंबीवाल्या बायकांना आता वही दाखवली जायची. मी पण काही कमी नाही, आक्कांनी "किती गं आज?" विचारलं की चार बायकांच्या देखत "शहात्तर" असं म्हणायचे की जणू माझ्या कष्टाची कमाई. हसते मी आता त्या बाईला. तेव्हाची नंदा समोर आली तर थोबाडीत देईन एक.

कारण त्याच दिवसांत माझं खाणं तुटलं होतं. भाकरी पुढं आली की पोटातून ढवळायचं. दूध पिवळं दिसायला लागलं, भिंत पिवळी, आक्कांचं पांढरं पातळ पिवळं. समईकडं बघितलं की ज्योतीभोवती हळदीचं कडं. मी सांगितलं की. सांगत नव्हते असं नाही. आक्का म्हणाल्या, पित्त. एक बाई म्हणाली, काविळीची झाक. दुसरीनं तर शुभ मानलं, डोळ्यापुढं भंडारा दिसतोय म्हणाली. आणि शेवटी सगळ्यांचं एकच, "नाडी सरळ हाय न्हवं? मग काय झालंय तुला?" नाडी सरळ होती. माझ्याच हातानं लिहिलेली होती. मी रोज सकाळी शहात्तर लिहायचे आणि रोज सकाळी दीड गोळी गिळायचे.

पौषात आक्कांनी ठरवलं, नंदाला दुधनीला न्यायचं, शेतात हुरडा खायला. मला हुरडा खायला नाही, सासरच्या गोतावळ्याला मला दाखवायला. छाती फाडूनही उठून बसलेली भावजय, आणि तिला उठवणाऱ्या आक्का. डॉक्टरांना विचारावं असं हे दबक्या आवाजात म्हणाले. आक्का म्हणाल्या, डॉक्टर काय शहात्तरचे सत्त्याहत्तर करणार हाय का? विषय संपला. दुकानात गिऱ्हाइकाशी तासभर घासाघीस करणारे हे, बहिणीपुढं एक वाक्य टिकवू शकायचे नाहीत.

रेल्वेनं गेलो, रात्री मुक्काम केला, पहाटे बैलगाडीनं शेतात. किती सुंदर होतं ते सगळं, आणि मला त्यातलं काही नको होतं. धुकं ज्वारीच्या ताटांच्या कमरेपर्यंत, कणसांवर दंव, आगटीत गोवऱ्यांचा आर धुमसतोय, घोंगड्या अंथरलेल्या, वाटीत शेंगाची चटणी, गुळाचे खडे. वीसेक माणसं. कोवळी कणसं आरात खुपसलेली, त्यांचा तो दुधाळ भाजका वास माझ्या नाकात शिरला तसं मी पदर तोंडाला लावला. बायका एकमेकींकडं बघून हसल्या. पुरुषासारखी छाती उघडून घेतलेल्या बाईला अजून दिवस जाऊ शकतात, या कल्पनेनं त्या सुखावल्या होत्या.

"आदी गोळी घे, मग हुरडा," आक्कांनी फर्मावलं. तांब्यातून पाणी ओतलं, पुडी सोडली, दीड गोळी माझ्या हातावर ठेवली. मी नेमानं घड्याळ मागितलं आणि दोन बोटं मनगटावर ठेवली.

काहीच नाही.

मग एक ठोका आला. मग इतका लांब खड्डा की त्यात मी तीन वेळा श्वास घेतला असेन. मग दोन घाईचे. परत खड्डा. काटा फिरत होता, मी मोजत होते, आणि आकडा वर चढेचना. मिनिट झालं. चव्वेचाळीस.

मला वाटलं बोट चुकीच्या जागी आहे. सरकवलं, परत मोजायला घेतलं. तेवढ्यात शेताच्या टोकाला माळ्यावर राखण करणारा म्हातारा पाखरं हाकलायला डबा बडवायला लागला. टण, टण, टण, एका लयीत. आणि पमे, माझ्या बोटाखाली नाडी सुरू झाली! सरळ, सुतासारखी, एकही खड्डा नाही. मिनिटभर मोजली. ब्याऐंशी. "आली गं आली," आक्का म्हणाल्या. म्हाताऱ्यानं डबा ठेवला. आणि माझ्या बोटाखालची नाडी त्याच्याबरोबर थांबली.

एका क्षणात मला आमची खाट दिसली, खाटेला लागून असलेली भिंत दिसली, आणि भिंतीपलीकडचा, आमची शेजारीण नरसाबाई हिच्या नवऱ्याचा हातमाग. सकाळी मी नाडी मोजायला बसायचे तेव्हा त्याचा धोटा पळत असायचा आणि फणी आपटत असायची, पण रोजचाच आवाज, कानावर असून नसल्यासारखा. ठक, ठक, ठक. भिंतीतून खाटेत, खाटेतून पाठीत, पाठीतून बोटात. तीन आठवडे मी त्या पद्मसाळी विणकराच्या मागाचे ठोके मोजून वहीत माझ्या नावावर लिहिले होते. लगाम ओढून ओढून माझा घोडा उभा राहायला आला होता, आणि मी मोठ्या अक्षरात शहात्तर काढत होते.

मी मूठ मिटली. म्हणाले, "आक्का, मी गोळी घेणार न्हाय. ती माझी नाडी न्हवती. शेजारचा माग होता त्यो."

माझं डोकं फिरलं, याबद्दल त्या वीस माणसांतल्या एकाचंही दुमत नव्हतं. कुणी म्हणालं भुताटकीचं शेत आहे, कुणी म्हणालं उपाशीपोटी होतं असं. आक्का माझी मूठ उघडायला लागल्या. कणखर हात त्यांचे, म्हशी पिळणारे. "तीन आठवडे शहात्तर, आनि आज शेतात येऊन चव्वेचाळीस? घड्याळ थंडीनं बसलं आसंल. सुम्ने घे ती गोळी, लोक बघालेत." सुम्ने, म्हणजे मुकाट्यानं. त्यांचा आवडता शब्द. आणि खरं सांगते, क्षणभर मला पण वाटलं, घ्यावी. एकवीस दिवसांची वही एकीकडं आणि माझी दोन बोटं एकीकडं. वही खोटी कशी असेल? वीस माणसं चुकतील कशी? माणूस मरतं ना पमे, ते पुष्कळदा असंच, लाजेपोटी.

मी माळ्याकडं तोंड करून ओरडले, टाके ताणले तरी ओरडले, "बाबा, जरा डबा वाजवू नगा, एक मिनिट." मग यांच्याकडं वळले. हे नेहमीसारखे लांब उभे होते, घोंगडीच्या कडेला, दार नव्हतं तरी दारात उभे असल्यासारखे. मी म्हणाले, "तुमी मोजा."

आमच्या घरात दिवसाउजेडी, वडीलधाऱ्यांच्या देखत, नवऱ्यानं बायकोचा हात धरल्याचं मी पाहिलं नव्हतं. लग्नात धरला असेल तेवढाच. यांचं तोंड लाल झालं. बहिणीकडं बघितलं, त्या वीस जणांकडं बघितलं. मग आले, चपला काढल्या, देवापुढं काढतात तशा, घोंगडीवर टेकले आणि माझं मनगट हातात घेतलं. बायकांनी माना फिरवल्या. एक मिनिट कणसांवरून वारा जायचा तेवढाच आवाज होता. यांचे ओठ हलत होते.

"बेचाळीस," हे म्हणाले.

आक्का काहीतरी बोलायला लागल्या. हे उठले नाहीत, मनगट सोडलं नाही, मान वर केली नाही. फक्त माझ्या मुठीतून दीड गोळी काढून आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "आक्का, गाडी जुंपायला सांगा." एवढंच. एक वाक्य, पण टिकलं.

दुपारच्या गाडीनं सोलापूर, स्टेशनावरून तसेच डॉक्टरांकडं. त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले, पिवळ्या कड्याचं विचारलं, गोळी बंद केली. मग वही चाळत म्हणाले, "बाई, रोज शहात्तर? माझीसुद्धा रोज शहात्तर येत नाही." मी मागाचं सांगितलं. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. वही मिटून म्हणाले, "अजून दोन-चार दिवस घेतली असती तर," आणि पुढचं बोललेच नाहीत. त्यांचं सगळ्यात जड वाक्य तेच, आणि तेही अर्धं.

आक्कांनी दुधनीत सांगितलं की हुरड्याला दृष्ट लागली. पुढं पंचवीस वर्षं हेच सांगत होत्या. मी कधी खोडलं नाही. कशाला? ज्यांना आपल्या तोंडच्या गोष्टीशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही, त्यांच्यापुढं तोंड उघडणं म्हणजे घागरीत दळण.

पंधरा दिवसांनी अर्धी गोळी सुरू झाली आणि नाडी मोजणं पण. पण मोजू कशी? भिंतीपलीकडं ठक, ठक. खाट हलवली, तरी दोन खोल्यांच्या घरात हलवून किती हलवणार? मग एक दिवस नरसाबाई दारात आली. कधी मोसंबी घेऊन न आलेली ती एकटी शेजारीण. तिला माझ्याकडून सगळं कळलं तशी ती पोट धरून हसली, अगदी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मला त्या हसण्याचा राग आला नाही, कारण त्यात कीव नव्हती. म्हणाली, "काय की वो वैनी, आमच्या मालकाचा जीव तुमच्या वहीत लिहिला की तुमी." आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर दोनदा टकटक झालं आणि माग थांबला.

मला कळेना. मग कळलं. मी घाईघाईनं बोटं ठेवली. शांतता अशी की मला माझ्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. चौसष्ट, वेडेवाकडे, खड्ड्याखड्ड्यांचे, पण माझे. मी भिंतीवर दोनदा टकटक केलं. माग सुरू झाला.

तेव्हापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत रोज. तुला मागाचं माहीत नाही. मागावर बसलेला माणूस लय धरली की मधे थांबत नाही, कारण थांबून परत सुरू केलं की पहिला धागा किंचित वेगळा बसतो आणि कापडात एक रेघ पडते. बारीक, पण जाणकाराला दिसते, आणि त्यावरून बोलणी बसतात. नरसाबाईचा नवरा कडक माणूस, स्वतःच्या घरात तुटलेल्या धाग्यावरून आभाळ डोक्यावर घ्यायचा. तीन-चार महिने तो माझ्यासाठी रोज एक मिनिट थांबला. माझ्याशी आयुष्यात एक शब्द बोलला नाही. मी त्याचं तोंडसुद्धा नीट बघितलेलं नाही, पाठ तेवढी ओळखते.

माझे ठोके नंतरही कधी सरळ झाले नाहीत. पुढं वीस वर्षांनी ती झडप बदलली, आता धातूची आहे, भोवती सामसूम असली की डबीतल्या घड्याळासारखी वाजते. घोडा तोच, नाल निघालेलाच. चालतोय. त्याच्याबद्दल मला प्रेमबिम काही नाही, सांगून ठेवते. फक्त तो कुणाचा आहे एवढं मला ओळखता येतं.

तुझं ते मनगटावरचं खोटं बोलतं असं मी म्हणत नाही. पण दिवसात दहा मैत्रिणींचे आकडे तू मला सांगतेस, हिची एकाहत्तर, तिची अडुसष्ट, डॉक्टरांच्या तक्त्यात अमुक. अगं, त्या गर्दीत तुझी कोणती?

भिंतीपलीकडचा माग कधीच गेला. नरसाबाई गेली, तिच्या माणसाच्या आधीच. तिथं आता गाड्यांच्या टायरांचं गोदाम आहे, आवाज म्हणून नाही. पण त्या उन्हाळ्यात मागावरून उतरलेलं एक हिरवं लुगडं नरसाबाईनं मला आणून दिलं होतं, कुणी घेतलं नाही म्हणाली. ट्रंकेत आहे. उजेडाला धरलं की आडव्या तीन रेघा दिसतात. तीन सकाळी.

हुरडा अजून पंधरा-वीस दिवस राहील. तेवढ्यात ये, पमे. एकटी नको, जावयाला घेऊन ये. लुगडं काढून ठेवते, खिडकीपाशी बस आणि बोटानं रेघा लागतात का बघ. मग तेच बोट मनगटावर ठेव. मी गप्प बसते एक मिनिट. मला किती अवघड जाईल ते तुला माहीत आहे, तरी बसते. लवकर ये.